शेऱ्याची चौकट

१२ जानेवारी

ही वही माझ्या बायकोने, आर्डिसने आणली. डॉक्टरांनी माझा रक्तदाब पाहून तोंड वाकडं केलं, आणि परतताना गाडीतच बाईसाहेबांनी फर्मान काढलं की कॉलेजबद्दलची बडबड जेवणाच्या टेबलावर आजपासून बंद. जे काही ओकायचं ते वहीत ओक, मला जेवू दे.

तर ओकतो. मी लोवेल ब्रूनिंग, वेदरली कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. शिकवायचो. दोन वर्षांपूर्वी आमचा विभाग बंद केला, कारण दगडांकडे कोणी फिरकेना. माझ्या नमुन्यांच्या खोलीत आता पोरं स्पर्धेसाठी व्हिडिओ गेम खेळतात. त्यांना प्रशिक्षक आहे, गणवेश आहे, आणि प्रशिक्षकाची खोली माझ्यापेक्षा मोठी आहे. माझं दगडांचं एक कपाट तेवढं बाहेर व्हरांड्यात ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्यांना कॉफीचे पेले टेकवायला.

माझी नोकरी कायम असल्यामुळे मला काढता येत नाही. म्हणून मला ऑनर्सचा प्रमुख केलं. अडगळीला रंग मारून दिवाणखान्यात ठेवतात, तसं. ऑनर्स म्हणजे काय, तर हुशार पोरांचा वेगळा कळप. त्यांना वेगळं वसतिगृह, वर्गांची नोंदणी इतरांच्या आधी, आणि पदवीदानाला गळ्यात पिवळ्या गोंड्याची दोरी. अभ्यास? अभ्यास तोच. आमच्या गोठ्यातल्या बैलांनाही बाबा जत्रेत असलीच दोरी बांधायचे, पण बैलाला त्याचा गर्व नव्हता.

१९ जानेवारी

आज केंडलबरोबर बैठक झाली. केंडल हा प्रवेश खात्याचा प्रमुख. वय माझ्या अर्ध्याहून थोडं जास्त, बाराही महिने बिनबाह्यांचं जाकीट, आणि तोंडात ‘मुलं’ हा शब्द कधी नाही. तो ‘कुटुंबं’ म्हणतो. यंदा कुटुंबं कमी येताहेत, कुटुंबांना आपलं वाटायला हवं. पैसे कुटुंबं देतात, मुलं देत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मी त्याला सरळ विचारलं की ऑनर्सचा आणि स्कॉलरशिपचा संबंध काय तो एकदा मला नीट सांग, कारण उद्या कोणी आईबापाने विचारलं तर मला खोटंही धड बोलता येणार नाही. तो खूश झाला. त्याला हे समजावून सांगायला फार आवडतं.

“ऑनर्स आपल्याला फुकट पडतं, लोवेल,” तो म्हणाला. “स्कॉलरशिपला पैसे पडतात. ज्याचं नुसत्या ऑनर्सवर भागतं त्याला ऑनर्स द्यायचं. ज्याचं भागत नाही त्याला वर थोडी मेरिट स्कॉलरशिप. आणि पूर्ण खर्चाच्या चार, त्या ऑनर्सवाल्यांतूनच, स्पर्धा घेऊन.”

मी म्हटलं की मग ज्याला पैशांची गरज आहे त्याला मेरिट मिळतं का? तो म्हणाला की मेरिटचा आणि गरजेचा काही संबंध नाही. दंतवैद्याच्या मुलाला थोडी सूट दिली की बाप खुशीने बाकीची फी भरतो आणि गावभर सांगतो की पोराला स्कॉलरशिप मिळाली. गरिबाला तेवढीच सूट दिली तर तो बिचारा येऊच शकत नाही, म्हणजे ती सूट वाया.

फर्निचरवाला आधी सोफ्याचा भाव चढवतो आणि मग वर्षभर सेलचा फलक लावतो, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की सोफा घेताना कोणाचा ऊर भरून येत नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, “बरोब्बर. तुम्हाला पटकन कळलं.”

अपमान करावा तर तोही याला लागत नाही.

२ फेब्रुवारी

आठवडाभर निबंध वाचतोय. विषय, ‘मी पार केलेलं संकट’. बहुतेकांचं संकट गुडघ्यात आहे. फुटबॉल खेळताना गुडघा, व्हॉलीबॉल खेळताना गुडघा, एकीचा तर बँडमध्ये ट्यूबा वाजवत चालताना गुडघा. प्रत्येक गुडघ्याने प्रत्येकाला नेतृत्व शिकवलं आहे. या राज्यातल्या पोरांचे गुडघे धड असते तर ऑनर्सला एकही अर्ज आला नसता.

एक निबंध मात्र बोअरवेलवर होता. विला टीडमन नावाची मुलगी, इथून दोन तासांवरच्या कुठल्याशा खेड्यातली. त्यांच्या पाण्याला कुजक्या अंड्याचा वास येतो आणि रस्त्यापलीकडच्या घरी येत नाही. ही पोरगी शेजाऱ्यांच्या दारोदार गेली, प्रत्येकाची बोअर किती खोल आहे ते विचारलं, आणि कुठल्या थरात गंधक असणार याचा अंदाज बांधला. शेवटी लिहिलंय की हे संकट मी अजून पार केलेलं नाही, वास येतोच आहे.

मी खुर्चीतून उठून दोनदा येरझारा घातल्या. विभाग बंद पडल्यापासून असं काही वाचलं नव्हतं. आर्डिसला वाचून दाखवायला गेलो, तर तिने वहीकडे बोट केलं. मग स्वतःच म्हणाली, बरं वाच. ऐकून म्हणाली, “ही यायला हवी.” मी म्हटलं की ही येईलच, नाहीतर मी कशाला बसलोय तिथे?

१७ फेब्रुवारी, शनिवार

स्कॉलरशिप दिवस. आजचं लिहायला वही पुरली पाहिजे.

सकाळपासून बर्फ भुरभुरत होतं, तरी आवार गाड्यांनी भरलं. मुलींच्या अंगावर आयांनी इस्त्री केलेले कोट, मुलांच्या गळ्यात बापांचे टाय. आईबापांना सभागृहात नेऊन केंडलने पडद्यावर हसरे चेहरे दाखवले. मग जेवण. चिली, म्हणजे खिमा-राजम्याचा तिखट रस्सा, आणि दालचिनीचा गोड रोल, दुसरं काय. शाळेच्या खानावळीपासून हेच खात आलोय, आणि एवढी एकच गोष्ट आज मनापासून पार पडली.

माझ्या शेजारी एक गृहस्थ रोल चिलीत बुडवून खात होते. दुधाच्या टँकर कंपनीचं जाकीट, हात नुकतेच घासून धुतलेले. ते ड्वेन टीडमन निघाले, विलाचे वडील. जरा वेळाने हळूच म्हणाले, “सर, एक अडाण्यासारखं विचारू? ऑनर्स मिळालं म्हणजे पैसे मिळाले, असंच ना?”

मी त्यांना खरं ते सांगितलं. म्हटलं, ऑनर्स हा नुसता हार आहे. गळ्यात घालतात, पोट भरत नाही. पैसे पुढच्या खोलीत आहेत, तुमच्या मुलीला जेवणानंतर त्या खोलीत जायचंय. बाकीची सूटबीट आहे ती तुमच्या उपयोगाची नाही. पूर्ण खर्चाच्या चार आहेत, त्यांतली एक मिळाली तर ती इथे शिकेल.

त्यांनी रोल खाली ठेवला. “आणि त्या खोलीत कोण असतं?”

“आम्हीच असतो,” मी म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. माणूस साधा आहे.

आता त्या खोलीचं. ही पद्धत कोणाच्या सुपीक डोक्यातून निघाली देव जाणे. गोल टेबलाभोवती आठ पोरं बसवायची, एक लेख द्यायचा, आणि म्हणायचं करा चर्चा. परीक्षक भिंतीला लागून बसतात, फळीला लावलेला कागद मांडीवर. माझ्या जोडीला नाट्यशाखेची मेरेडिथ होती. ही बाई ज्याला-त्याला मान डोलावते. खोलीत कुत्रं शिरलं असतं तरी तिने त्याला हसून दाद दिली असती.

लेख होता नदीवरचं जुनं धरण पाडावं की ठेवावं यावर. पण पोरं आता तयार होऊन येतात. यांना शिकवणीत सांगितलेलं असतं की नुसतं बोलून गुण मिळत नाहीत, दुसऱ्याला बोलतं केलं तर मिळतात. त्यामुळे टेबलावर गप्प बसलेला माणूस म्हणजे सोन्याची खाण. आणि आमच्या टेबलावर गप्प बसलेली एकटी विला होती.

कोल्बी नावाचा एक देखणा पोरगा, दंतवैद्याचा मुलगा, त्याने पहिला हात मारला. म्हणाला, विलाचं मत ऐकायला मला आवडेल. विलाने तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडची स्लोन म्हणाली की हो, आणि आपण तिला पुरेसा वेळ द्यायला हवा. तिसऱ्याने स्लोनला दुजोरा दिला, की शांत स्वभावाच्या लोकांना जागा करून देणं फार महत्त्वाचं असतं. चौथीला तिच्या शांत मावशीची आठवण आली. विला आपली तोंड उघडते आहे, मिटते आहे. पाचव्याने सगळ्यांचे आभार मानले, की आपण विलाला किती छान सामावून घेतलं. तिला जागा द्यायला सात जण एकमेकांच्या अंगावर पडत होते आणि तिला बसायलाही जागा उरली नव्हती.

शेवटी अगदी घंटा व्हायच्या बेताला तिने एकच वाक्य म्हटलं. “धरण पाडलं तर मागे इतक्या वर्षांचा गाळ साचलाय, तो कुठे जाणार?”

लेखात हे नव्हतंच. लेखकाच्याच डोक्यात आलं नसेल. मला टाळी वाजवावीशी वाटली. कोल्बी म्हणाला, “खूप सुंदर मुद्दा, विला,” आणि घंटा झाली.

बाहेर व्हरांड्यात ती माझ्या कपाटासमोर उभी दिसली. काचेवरचे कॉफीचे डाग ओढणीसारख्या लांब मफलरच्या टोकाने पुसून आत बघत होती. मी तिला गंधकाचा खडा काढून दाखवला. तिने वास घेतला आणि म्हणाली, आमच्या नळासारखा नाहीये. मी समजावलं की वास गंधकाचा नसतो, त्याच्या वायूचा असतो. “अच्छा,” म्हणाली आणि खडा दोन्ही हातांनी परत दिला.

संध्याकाळी गुण भरायचे होते. आकलन, संवाद, नेतृत्व, असल्या रकान्यांत एक ते पाच. या सात भाटांना गुण द्यायचे, आणि त्याच मापाने त्या मुलीलाही मोजायचं? तिला पाच दिले तर या बाजारात मीही तराजू धरून बसलो असं झालं. मी सगळ्यांना सगळीकडे तीन दिले. सरसकट तीन. हा माझा निषेध. आणि खाली शेऱ्याची चौकट होती, तिथे विलाबद्दल जे लिहायचं ते लिहिलं. चौकट भरली तेव्हा कागद उलटवून मागे लिहिलं. इतकं चांगलं मी कित्येक वर्षांत लिहिलं नाही. वाचणाऱ्याला कळेल की विद्वत्ता म्हणजे काय आणि ती आकड्यात का मावत नाही.

मेरेडिथ डोलत डोलत भराभर पाच-पाच लिहीत होती. बघवेना म्हणून मी कोट घेऊन निघालो.

१८ फेब्रुवारी

चर्चमधून येताना आर्डिसला कालचं सगळं सांगितलं. रविवारी वहीचा नियम लागू नाही असं तिनेच मान्य केलंय. गाळाचं ऐकून ती खूश झाली. मग विचारलं, “मग तिला किती दिलेस?”

मी तीनचं कारण समजावून सांगितलं. तिने गाडीतला हीटर कमी केला. मग म्हणाली, “आणि ते शेरे वाचतं कोण?”

बायकांना नेमका कुठला प्रश्न कुठे विचारू नये ते कळत नाही. कॉलेज आहे ते. शेरे वाचायचे नसते तर चौकट कशाला छापली असती?

१४ मार्च

निकाल लागला. चौघांत विला नाही. आमच्या टेबलावरचं कोणीच नाही.

तिच्याकडे ऑनर्स मात्र आहेच. गोंडा, वसतिगृह, लवकर नोंदणी, आणि सगळ्यांना देतात ती नेहमीची सूट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. कोल्बीला पूर्ण नाही, पण अध्यक्षांच्या नावाची खास मेरिट स्कॉलरशिप. नाव ऐकून वाटावं की अध्यक्षांनी स्वतःच्या खिशातून काढून दिली. ती कॉलेजात येणाऱ्या निम्म्या पोरांना मिळते.

मी तसाच केंडलच्या खोलीत घुसलो. जे तोंडाला येईल ते बोललो. म्हटलं, टँकरवाल्याची पोर आहे म्हणून कापलीस तिला, तुझ्या कुटुंबांच्या हिशेबात ती बसत नव्हती. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. मी थांबल्यावर दार लोटून घेतलं आणि संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

“मी हात लावलेला नाही, लोवेल. चार कोणाला द्यायच्या ते मी ठरवत नाही, परीक्षक ठरवतात. मेरेडिथने या मुलीला सगळीकडे पाच दिलेत. टेबलावर फक्त हिलाच. तुमचे तीन आहेत. चार जरी असते ना, तरी ती आत होती.”

मी म्हटलं की ते तीन म्हणजे निषेध होता, आणि तो का होता ते चौकटीत स्वच्छ लिहिलंय.

“ती चौकट कोणी वाचत नाही,” तो म्हणाला. वर अगदी सौम्यपणे. “संगणकात ती चढतच नाही. प्राध्यापकांना लिहिल्याशिवाय करमत नाही, म्हणून ठेवलीय.”

आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली गत. विद्येच्या घरात वाचणारा कोणी नाही. मी म्हटलं, आता वाच, इथे, माझ्यासमोर. तो म्हणाला की वाचून काय होणार, चौघांना फोन गेलेत, चौघांनी हो म्हटलंय, एकाच्या आजीने तर वर्तमानपत्रात फोटो दिलाय. मग म्हणाला की तुम्ही त्याच दिवशी मला नुसतं येऊन सांगितलं असतंत, तर मी गुण दुरुस्त करायला कागद परत दिला असता.

हा मला शिकवतोय. बिनबाह्यांच्या जाकिटातला माणूस मला शिकवतोय.

१५ मार्च

दुपारी भांडी विसळताना आर्डिस पाठमोरीच म्हणाली, “म्हणजे तुझ्या तीनने गेली ती.”

मी म्हटलं की तुला गुणांकनातलं काही कळत नाही. पद्धत सडलेली असली की माणसाने काय करावं? ती म्हणाली, “मेरेडिथने काय केलं?”

मेरेडिथला नाटक येतं, बाकी काही येत नाही. एखादा नेम आंधळ्याचाही लागतो.

२७ मार्च

दहा दिवस खपून निवेदन पूर्ण केलं. विद्यापरिषदेपुढे मांडणार आहे. आकड्यांची गुलामगिरी, शेऱ्यांची उपेक्षा, ऑनर्सचा गोंडा दाखवून चालवलेला सूटबाजार, सगळ्यांची सालटी काढली आहेत. आर्डिसला वाचायला दिलं. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं, हे मान्य केलं पाहिजे.

“छान लिहिलंयस,” ती म्हणाली. “यात त्या मुलीचं नाव कुठे आहे?”

मी सांगितलं की हा तत्त्वाचा प्रश्न आहे, व्यक्तीचा नाही. तिने चष्मा काढून डबीत ठेवला, डबी टकदिशी मिटली.

९ एप्रिल

विद्यापरिषदेने निवेदनाची ‘कृतज्ञतापूर्वक नोंद घेतली’ आणि पुढचा विषय घेतला, वाहनतळावरची खडी.

आज कोल्बीचे वडील आले होते. दुसऱ्या एका कॉलेजने जास्त सूट देऊ केल्याचा कागद घेऊन. मासळीबाजारात बसावं तसे खुर्चीत पाय पसरून बसले. म्हणे कोल्बीचं मन वेदरलीत आहे, पण मनालाही काही मर्यादा असतात. केंडलने दहा मिनिटांत सूट वाढवली, वर पोराला ऑनर्सचा टी-शर्ट दिला. बाप जाताना मला म्हणाला, “मेरिटची कदर करणारं कॉलेज आहे तुमचं.”

ते गेल्यावर मी केंडलला म्हटलं की जर याला वाढवता येते तर विलाला का नाही? तो म्हणाला की तिला लागणारा फरक फार मोठा आहे, तेवढ्यात असले चार कोल्बी येतात. पण टीडमन कुटुंबाने स्वतः अर्ज केला, आणि ऑनर्सच्या प्रमुखाने सोबत दोन ओळी लिहून दिल्या, तर अध्यक्षांकडे थोडा राखीव निधी असतो, बघता येईल. वेळ फार नाही. टीडमनना मीच फोन करून कळवलेलं बरं, असंही म्हणाला.

बघतो. उद्या परवा फोन करीन. पण अध्यक्षांपुढे हात पसरायचे, आणि तेही या केंडलच्या सांगण्यावरून, हे काही माझ्या पचनी पडत नाही. शिवाय त्या दोन ओळींत तीनचा खुलासा करावा लागेल.

२१ एप्रिल

सहल. म्हणजे ऑनर्सच्या पोरांना खाणीवर नेलं होतं. सगळ्यांनी खाणीकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढले. परत आल्यावर फोनचं राहून गेल्याचं लक्षात आलं. सोमवारी नक्की.

३० एप्रिल

उद्या प्रवेश पक्का करायची शेवटची तारीख. गावातल्या हिरवळींवर पाट्या लागल्या आहेत, आमच्या घरी अमुक कॉलेजचा भावी विद्यार्थी राहतो म्हणून. कोल्बीच्या दारातल्या पाटीवर ‘ऑनर्स’ आणि ‘स्कॉलर’ दोन्ही आहे. केंडलने ती फुकट दिली.

दुपारी ऑफिसात फोन वाजला. विला टीडमन. ऑनर्सची जागा सोडतेय, म्हणून कळवायला केला होता. असा फोन कोणी करत नाही, नुसते येत नाहीत. तिने आधी नाव सांगितलं, मग ‘मी तुम्हाला आठवतेय का’ असं विचारलं, मग आभार मानले. घरापासून जवळच्या, दोन वर्षांचाच अभ्यासक्रम असलेल्या कॉलेजात जाणार आहे, घरी राहूनच. तिथे मातीपरीक्षणाचा एक वर्ग आहे म्हणाली, दगडांचा नाही, पण माती म्हणजे शेवटी दगडच ना, सर?

मी हो म्हटलं. राखीव निधीबद्दल बोलायला तोंड उघडलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहून मिटलं.

मग ती म्हणाली, “सर, एक विचारायचं होतं. माझी धाकटी बहीण आहे, ती दोन वर्षांनी अर्ज करील. बाबा म्हणाले, ते सर चांगले आहेत, त्यांनाच विचारून घे. माझं त्या दिवशी काय चुकलं?”

पलीकडे कागद सरळ केल्याचा आवाज आला. लिहून घ्यायला बसली होती ती.

तुझं काही चुकलं नाही. एवढंच म्हणायचं होतं. पुढे म्हणायचं होतं की माझं चुकलं. इतक्या दिवसांत या वहीत मी जगातल्या प्रत्येकाला नावं ठेवली, कागदाच्या पाठपोट लिहिलं, विद्यापरिषदेपुढे तासभर बोललो. हे एक वाक्य मला त्या मुलीशी बोलता आलं नाही.

मी म्हटलं, “तू थोडं जास्त बोलायला हवं होतंस.”

“हो,” ती म्हणाली. “आणि?”

“आणि दुसऱ्यांना बोलतं करायचं. कोणी गप्प असेल तर त्याला विचारायचं. परीक्षकांना ते आवडतं.”

तिने ते लिहून घेतलं. मला पेन ऐकू येत होतं. मग म्हणाली, “थँक्यू, सर. सांगते तिला. ती माझ्यासारखीच आहे, फार बोलत नाही. पण शिकेल.”

फोन ठेवून मी बाहेर व्हरांड्यात गेलो. कपाटावर कोणीतरी पेला ठेवून गेलं होतं. तो उचलला, काच पुसली आणि तिथेच उभा राहिलो. मला स्वतःची किळस आली.

घरी आल्यावर आर्डिसने ताटं मांडली आणि म्हणाली की आज सांग, आज नियम नको, तुझा चेहरा बरा दिसत नाही. मी म्हटलं, काही नाही, एका मुलीचा फोन होता. ती हातातला डाव तसाच धरून थांबली.

“तिला सांगितलंस ना?” तिने विचारलं.

मी म्हटलं, “हो, सांगितलं.”

तिने माझ्या ताटात वाढलं. आणि मी जेवलो.